रॅम घेण्याआधी चंक बघा

महोदय,

डेटा सायन्स शिकणाऱ्यांनी ‘निदान ३२ जीबी रॅमचे मशीन घ्यावे’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला. तो वाचून एखादा विद्यार्थी कर्ज काढून मशीन घेईल, या काळजीने हे पत्र लिहीत आहे.

मी तापमानाच्या आकडेवारीवर काम करते. माझ्या एका फाइलमध्ये वर्षाचे ८,७६० तास, ७२१ अक्षांश आणि १,४४० रेखांश आहेत. एकेक आकडा ४ बाइटचा, म्हणजे अख्खा ॲरे (आकड्यांचा सगळा तक्ता) ३६ जीबीच्या वर. तो ३२ जीबीतही मावणार नाही. आणि मला हवे असते एका ठिकाणचे वर्षभराचे तापमान, फक्त ३५ हजार बाइट! एचडीएफ५ किंवा नेटसीडीएफ या मोठ्या आकडेवारीसाठीच्या प्रकारांतल्या फाइलमधून नेमका तेवढाच भाग मागता येतो. बाकीचा ॲरे डिस्कवरच राहतो.

पण मागणी लहान म्हणून काम लहान होतेच असे नाही. कॉम्प्रेस केलेला ॲरे चंकांमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांमध्ये, साठवलेला असतो आणि त्यातला एक आकडा हवा असला तरी पूर्ण चंक उलगडावा लागतो. माझ्या फाइलमध्ये एका तासाचा सगळा नकाशा हा एक चंक होता. म्हणजे एका ठिकाणासाठी ८,७६० चंक, एकही न सुटता. २०० ठिकाणे एकेक करून काढण्यात रात्र गेली. मग २४० तास, २४ अक्षांश, २४ रेखांश असे चंक पाडून मी फाइल नव्याने लिहिली. आता एका ठिकाणाला ३७ चंक पुरतात आणि तेच काम दोन मिनिटांत होते. तासाचा पूर्ण नकाशा मात्र १,८६० चंकांतून जुळवावा लागतो, पण मला तो क्वचितच लागतो.

फाइलमध्ये लिहिण्याचे तर कुणी शिकवतच नाही. नमपाय या पायथनच्या लायब्ररीतल्या मेमॅप या सोयीने, कॉम्प्रेस न केलेल्या साध्या मोठ्या फाइलमधले चार आकडे जागच्या जागी दुरुस्त करता येतात. त्यासाठी फाइल ‘आर प्लस’ने, म्हणजे आहे ती फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी, उघडायची. मी एकदा ‘डब्ल्यू प्लस’ लिहिले. जुनी फाइल पुसली गेली आणि तिच्या जागी तेवढ्याच आकाराची शून्ये आली. तीन आठवड्यांच्या दुरुस्त्या मला पुन्हा कराव्या लागल्या.

पुढच्या लेखात हे जरूर यावे. आणि आकडेवारी खुली करणाऱ्या संस्थांना विनंती, की चंकांचा आकार माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापा.

— एक वाचक