काकी, पहिली सुपारी उतरवली

प्रिय काकी,
साष्टांग नमस्कार.

परवा आगरातल्या नव्या पोफळीचा पहिला घड उतरवला. एकाच झाडाला धरलाय, मोजून ५२ सुपाऱ्या. तुम्ही लेकीकडे गेलेल्या, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गो" म्हणता आणि गुरांची चौकशी सुरू करता. नात वाचून दाखवेल, तेव्हा मधे उठू नका.

३ जून २०२०. निसर्ग वादळाने दापोलीचा आपला सगळा किनारा झोडपला त्या दिवशी आमच्या आजेसासऱ्यांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. कौलं विहिरीत, पेंढ्याची उडवी कुठच्या कुठे. शहर सोडून इथे येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं, काकी. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. गाय गाभण होती आणि घालायला वैरण नव्हती. एकजण येऊन तिचा भावही करून गेला.

तुमच्या पडवीवर तरी कुठे छप्पर राहिलं होतं! पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कोयता घेऊन आमच्या बेड्यात, आवाराच्या दारातच, उभ्या. "गाय विकू नको. आधी गोठा उभा करू, माणसं काय, कुठेही निजतील." पडलेल्या पोफळींचेच खांब आणि वासे केलेत. आजही गोठा त्यांच्यावरच उभा आहे.

आणि आषाढातली ती रात्र. वीज नव्हती, ओढ्याला पाणी, डॉक्टर यायची सोय नाही. वासराचं नाक दिसत होतं, एक पाय दिसत होता, दुसरा नाही. तुम्ही बांगड्या काढून माझ्या हातात दिल्यात, कोपराच्या वरपर्यंत खोबरेल चोपडलंत. गाय कळ देत असताना तुम्ही नुसत्या थांबून राहायचात. कळ ओसरली की वासराला हळूच मागे लोटायचं, मुडपलेला पाय शोधायचा. शेवटी सापडला तेव्हा त्याचं खूर मुठीत झाकून घेतलंत, आत कुठे लागू नये म्हणून, आणि तसंच पुढे आणलंत. मी बॅटरी धरून होते. तुमचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. गाईशी बोलत होतात की ग्रामदेवीशी, कळलं नाही. पाडी भुईवर आली ती निपचित. तुम्ही पेंढ्याची काडी तिच्या नाकात फिरवलीत आणि ती शिंकली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग तासाभरात तिच्या पोटात चीक गेलाच पाहिजे म्हणून तुमची घाई, आणि वासरामागून येणारी गाईची वार पडेपर्यंत कोणी झोपायचं नाही. पहाटे वार पडली, ती लांब पुरून झाली, तेव्हा कुठे तुम्ही चहा घेतलात.

वर्ष कसं चालतं ते तुमच्या मागे हिंडूनच मला कळलं. मृग लागला की परड्यात पडवळ, दोडका, काकडी. गणपतीपर्यंत मांडव भरला पाहिजे. भात कापल्यावर खाचरात ओल आहे तोवर कुळीथ आणि वाल. पावसाळ्यात रोज तिन्हीसांजेला गुरांना धुरी. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की तिथी लिहून ठेवायची आणि २१ दिवस तिला छेडायचं नाही.

पोफळीचंही तसंच. मला लगेच रोपं लावायची होती. तुम्ही म्हणालात, आधी केळी लाव, पोफळीच्या रोपाला उघडं ऊन सोसत नाही. मला वर्ष फुकट गेल्यासारखं वाटलं, थोडा रागही आला होता. २०२१ च्या पावसात केळीच्या सावलीत ९-९ फुटांवर लावलेली ती रोपं आता माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेलीत. हा घड त्यांतल्याच एकीचा.

त्या रात्रीची पाडी आता दुसऱ्यांदा गाभण आहे, माघात दिवस भरतील.

सुपारी अंगणात वाळत घातली आहे. चाळीस उन्हं दिल्याशिवाय सोलायची नाही, असं तुम्हीच सांगितलंय. मी रोज हलवतेय. तोवर या. पहिलं खांड तुमच्या अडकित्त्याने कातरायचं आहे.

तुमची,
शेजारची सून