ज्यांची नावंही विचारायची राहिली, त्यांना

धाकट्या भावाच्या डोक्यात लोखंडी सळई घुसली, तेव्हा ती उपसायला मीच हात घातला होता. "ओढू नका, तिनंच रक्त अडवलं असेल!" असं ओरडून माझं मनगट धरणारे दादा, तुमचे उपकार कसे फेडू? कापडाच्या गुंडाळ्या लावून तुम्ही सळई जराही हलू दिली नाहीत. बाहेरचं टोक कापताना ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवणारे काका, तुमचेही आभार.

सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफीत मोठी रक्तवाहिनी बचावल्याचं दिसलं. मग डॉक्टरांनी सळईभोवतीचं हाड कापून, नजरेसमोर ती सावकाश काढली. खोल रुतलेल्या हाडाच्या बारीक कणांमागे ते लागले नाहीत, कारण त्यात चांगला मेंदू दुखावला असता. हा संयम मला फार मोठा वाटतो. मेंदूवरचं आवरण पाणी झिरपणार नाही इतकं नीट शिवलं. अँटिबायोटिक्स होतीच, शिवाय फिटचे झटके येऊ नयेत म्हणून पहिले 7 दिवस औषध.

आणि रात्रपाळीच्या सिस्टर! दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारून तुम्ही त्याला नावानं हाक मारायचात. चौथ्या पहाटे त्यानं तुमचं बोट दाबलं, आणि तुम्ही धावत मला बोलवायला आलात.