आमच्या दूध संस्थेच्या काकांना, मनापासून

काकांना सादर नमस्कार.

बिलाच्या एक्सेलमध्ये चुकीचे आकडे कसे अडवायचे ते तुम्ही शिकवलंत, पण तुम्ही पुण्याला लेकीकडे गेलात आणि तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते. करवीर तालुक्यात आमच्यासारख्या संस्था गावोगाव आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं दूध तपासायचं मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दाखवतं, पावतीही देतं, पण ते संगणकाला जोडलेलं नाही. प्रत्येक आकडा मी हातानं एक्सेलमध्ये भरते. 150 सभासद, दोन वेळचं दूध, दहा दिवसांचं बिल, म्हणजे एका बिलाला 3000 ओळी. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ धरून ठरतो, गाईचा 3.5 आणि 8.5 धरून. तिथून दर पॉईंटला, म्हणजे 0.1 च्या फरकाला, पैसे वर-खाली होतात. एक आकडा चुकला की कुणाच्या तरी घरचे पैसे चुकतात.

आमच्या एक सभासद आहेत, आक्का, त्यांचे असेच चुकले. पावतीवर 7.2 होतं, मी 2.7 भरलं. बिलात रक्कम कमी आली, तरी त्या भांडायला आल्या नाहीत. त्यांना वाटलं, म्हशीलाच फॅट कमी लागली. त्यांनी सरकी वाढवली. हे मला नंतर कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तुम्ही दूध घालायला आला होता आणि माझा उतरलेला चेहरा बघून खुर्ची ओढून बसलात. एवढी वर्षं बँकेत काढलेला माणूस, पण माऊसला हात लावला नाहीत. "आधी मला सांग, या रकान्यात काय काय येऊ शकतं?" एवढंच विचारत राहिलात. दूध प्रकाराच्या रकान्यात मी म्हैस, म्हैश, म्है. आणि बफेलो असं चार तऱ्हांनी लिहिलं होतं, त्यामुळे म्हशीच्या दुधाची बेरीज कधीच जुळत नव्हती. डेटा टॅबमधलं डेटा व्हॅलिडेशन, म्हणजे रकान्यात काय भरता येईल त्याचा नियम लावायची सोय, उघडून तिथे लिस्ट लावायला लावलीत, गाय आणि म्हैस, दोनच शब्द. आता बाण दाबायचा आणि निवडायचं. सभासद क्रमांक 1 ते 150 मधलाच पूर्णांक, तारीख चालू दहा दिवसांतलीच. यांना 'स्टॉप', म्हणजे चुकीचं काही आत जातच नाही.

फॅटपाशी मात्र तुम्ही थांबलात. मी तिथेही स्टॉपच लावणार होते. तुम्ही म्हणालात, आटत आलेल्या म्हशीला 10 च्या वरही फॅट लागते, ती खरी असते. तिला कुलूप लावलंस तर तू आकडा खोटा भरशील. म्हणून तिथे 'वॉर्निंग' ठेवायला सांगितलंत. एका चौकटीला नियम एकच बसतो, म्हणून कस्टममध्ये असं सूत्र बसवायला लावलंत की ते शेजारचा रकाना बघतं: म्हैस असेल तर मर्यादा वेगळी, गाय असेल तर वेगळी. बाहेरचा आकडा आला की खिडकी उघडते आणि विचारते. तिच्यातलं वाक्य तुम्ही मलाच लिहायला सांगितलंत. मी लिहिलं, "पावती परत बघा." रात्री साडेनऊला डोळे मिटत असताना ते वाक्य समोर येतं, तेव्हा मी खरंच पावती परत बघते. स्टॉप आणि वॉर्निंगमधला हा फरक मला शंभर चुका करूनही सुचला नसता.

आणि ती लाल वर्तुळं! आधीच भरलेल्या आकड्यांना नवा नियम अडवत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही डेटा व्हॅलिडेशनच्याच यादीतलं 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' दाबायला सांगितलंत. पडद्यावर एकेक करत लाल वर्तुळं उमटली. एके ठिकाणी 6.5 च्या जागी 65, तीन ठिकाणी चुकीची तारीख, आणि खाली आक्कांच्या ओळीतलं 2.7. ती चूक तोवर माझ्या एकटीच्या मनात होती. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसती मान हलवलीत.

जाताना एक बजावलं होतंत, कॉपी-पेस्ट जपून. दिवाळीत मदतीला आलेल्या पोरानं कालच्या ओळी दुसऱ्या फाईलमधून उचलून चिकटवल्या आणि त्या चौकटींवरचे नियमच उडाले. चिकटवलेलं नियम तपासत नाही, उलट स्वतःचंच रूप घेऊन बसतं. मी घाबरले नाही. जपून ठेवलेल्या कोऱ्या तक्त्यावरून नियम परत आणले आणि आता बिल काढण्याआधी दर वेळी ती वर्तुळं काढून बघते.

आक्कांची फरकाची रक्कम पुढच्याच बिलात जमा केली. घरी जाऊन सांगितलं की चूक माझी होती, म्हैस चांगली आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग सरकी कमी करू व्हय?" त्यांची दुसरी म्हैस पुढच्या महिन्यात विणार आहे. खरवस तुमच्यासाठी बाजूला काढायचा त्यांनी आत्ताच सांगून ठेवलाय, तेव्हा तोवर परत या.

आपली नम्र,
दूध संस्थेची लेखनिक