सोलापूरजवळच्या नान्नजच्या काकांना, सुदासरीच्या दोन फुलस्केपांबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

जैसलमेरचं मरु राष्ट्रीय उद्यान आणि तिथला माळढोक पक्षी एका दिवसात बघायला निघालेल्या आम्हा दोघी मैत्रिणींना तुम्ही दोन फुलस्केप भरून सूचना लिहून दिल्यात. आभार फोनवरही मानता आले असते, पण तो कागद आणखी चार जणांना उपयोगी पडावा म्हणून हे अनावृत पत्र.

पहिलीच ओळ लाखमोलाची: ‘सम नाही, सुदासरी.’ ३१६२ चौरस किलोमीटर हा आकडा वाचून माणूस हुरळतो, पण त्यात गावं आहेत, ढाण्या म्हणजे वाड्या-वस्त्या आहेत, शेतं आहेत, विजेच्या तारा आहेत. समला जायचं ते उंटावर बसायला आणि वाळूत सूर्यास्त बघायला. माळढोक बघायचा तर शहरापासून साठेक किलोमीटरवरचं सुदासरी गाठायचं. तिथे कुंपण घालून गुरं बाहेर ठेवली आहेत, म्हणून सेवण गवताचे झुबके गुडघाभर वाढतात. परवानगीचं काम आदल्या दिवशीच उरकायचं, ओळखपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवायच्या, गाडी आणि ड्रायव्हर तिथलाच घ्यायचा. हे सगळं तुमच्या कागदावर होतंच.

वेळेचं गणितही बरोबर. डिसेंबरअखेरीस तिथे सूर्य सोलापूरपेक्षा जवळपास चाळीस मिनिटं उशिरा, साडेसातच्या सुमारास उगवतो. म्हणून साडेपाचला निघालं तरी चालतं, पण सहाच्या पुढे नको. साडेदहानंतर थंड जमीन झपाट्याने तापते, हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी पाण्यात पडल्यासारखा हलतो. लेन्स कितीही महागडी असो, त्या हवेतून फोटो धड येत नाही. आधीच्या तीन तासांत जे दिसेल तेच खरं. खिडक्या उघड्या ठेवलेल्या गाडीत तेव्हा कान आणि बोटं गारठतात. कानटोपी-हातमोज्यांचं सामान हसण्यावारी नेऊ नये.

‘गाडीतून उतरू नका’ ही सूचना तुम्ही तीनदा अधोरेखित केली होती. गाडीची माळढोकाला सवय असते, दोन पायांवर चालणारा माणूस दिसला की तो गवतातून सरकत लांब जातो. शिवाय मादी जमिनीवरच, साधारण एकच अंडं घालते. चालताना ते पायाखाली येऊ शकतं. इंजिन बंद करून बसायचं आणि कुंपणाचे खांब मोजायचे, हा तुमचा उपाय भन्नाट निघाला. लांबून पांढरी मान हुबेहूब सिमेंटच्या खांबासारखी दिसते. मोजताना एक खांब जास्त आला आणि तो हळूच वाकला की दुर्बीण तिकडे! आठपट मोठं दाखवणारी ८×४२ ची पुरते, पण कोपर खिडकीवर टेकलेलं हवं.

ओळखताना घोटाळा होतो तो माळढोकाच्याच कुळातल्या, हिवाळी पाहुण्या तिलोर पक्ष्याशी. तिलोर लहान, वाळूच्या रंगाचा, मानेच्या बाजूने उतरणारी काळी पट्टी. माळढोकाच्या डोक्यावर काळी टोपी, नराच्या छातीवर काळा पट्टा. मादी नरापेक्षा खूपच लहान, छातीवरचा पट्टा अर्धवट, म्हणून लोक तिला तिलोर समजून पुढे जातात. टोपी बघा, हे तुमचं वाक्य तेवढ्यासाठी पाठ करावं.

वाळूत गाडी रुतण्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यात आमची थोडी भर. भुसभुशीत वाटेवर टायरची हवा ३२ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, चाक स्वतःच खड्डा खणतं. चाकांपुढची वाळू हाताने उपसून उतार करायचा, चाकाखाली पकड मिळावी म्हणून मॅट सरकवायची, आणि दुसऱ्या गिअरमध्ये अगदी सावकाश निघायचं. बोलेरोला जोर मागच्या चाकांचा. पुढच्या चाकांखाली मॅट घालून उपयोग शून्य. डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरायची. कमी हवेवर वेगात पळवलं तर टायरची बाजू तापून फाटते.

भुरट या काटेरी गवताचं तर तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. नान्नजच्या गवताचं कुसळ कापडात घुसतं, भुरटाचे काटेरी गोंडे लोकरीला चिकटून बसतात. बोटांनी काढायला गेलं की काटा बोटात मोडतो. दातांमध्ये अंतर असलेला कंगवा वरून खाली ओढला की गोंडा निघून येतो. लोकरीचे मोजे आणि शाल टाळून गुळगुळीत कापडाची पँट घातली तर कंगव्याचीही गरज नाही.

एका ठिकाणी मात्र तुमच्याशी असहमत. माणशी दोन लिटर पाणी कमी पडतं. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या वाऱ्याने ओठ फुटतात आणि दुपारी डोकं धरतं. चार लिटर न्यावं.

दुपारसाठी सम की आकलचं जीवाश्म उद्यान, या प्रश्नावर तुमचं ‘आकल’ हे उत्तर आम्हांला पटलं. बाडमेर रस्त्यावर, शहरापासून सतरा किलोमीटर. अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडली आहेत. लाकडाच्या रेषा तशाच दिसतात, हात लावला की मात्र थंड दगड. वर पत्र्याचं छप्पर, भोवती जाळी. बघायला तासभर पुरे.

परतताना उच्चदाबाच्या तारांवर लटकणाऱ्या चकत्या दिसल्या. माळढोकाचे डोळे बाजूला, समोरचं त्याला कमी दिसतं, आणि नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. चकती वाऱ्याने फिरते, चमकते, म्हणून लांबून कळते. हे तुम्ही कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं नसतं, तर आम्ही त्यांना पतंगाचे अवशेष समजून पुढे गेलो असतो.

तुमचा हवा मोजायचा गेज कुरिअरने पाठवला आहे. सोबत पाव किलो सांगरी, म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा आहेत. रात्रभर भिजवूनच शिजवायला सांगा काकूंना.

तुमच्या,
दोघी