आर्क्टिकच्या डोंगरांची उंची कळते, आमच्या सेक्टरची नाही

संपादक साहेब, नमस्कार. नेरूळमधल्या आमच्या सेक्टरच्या उंचीचा नकाशा मिळत नाही म्हणून लिहितोय, पण सुरुवात आर्क्टिकपासून करतो.

अलास्काच्या उत्तरेला ब्रूक्स रेंज आहे, तिथल्या अभयारण्यात रस्ते नाहीत, वस्ती जवळपास नाही, तरी तिथला सगळ्यात उंच डोंगर कोणता यावर कित्येक वर्षं घोळ होता कारण 1950 च्या दशकातल्या सरकारी नकाशांचंच आपसात पटत नव्हतं, एक म्हणतो चेंबरलिन तर दुसरा म्हणतो इस्टो. 2014 मध्ये मॅट नोलन या संशोधकाने छोट्या विमानाला साधा डीएसएलआर कॅमेरा लावून फोटोंवरून उंची काढली, किट डेलॉरिए ही गिर्यारोहक जीपीएस घेऊन स्कीवरून वर गेली आणि पडताळणी झाली. निकाल काय तर इस्टो 2735.6 मीटर आणि चेंबरलिन चक्क तिसरा! चूक फूटभरसुद्धा नाही.

आणि आता तर आर्क्टिकडीईएम नावाचा उंचीचा डेटा आहे, सॅटेलाइटच्या दोन कोनांतल्या फोटोंवरून 60 अंश अक्षांशाच्या उत्तरेकडच्या जमिनीची दर 2 मीटरला उंची, कुणीही फुकट डाउनलोड करा. अस्वलांना काय करायचंय ते माहीत नाही, पण असा डेटा इथला असता तर आम्हाला नक्की उपयोग झाला असता.

कारण नेरूळ-बेलापूरकडचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून तर भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला होल्डिंग पॉण्ड (तळी) बांधलेत. मी एका ऑफिसात सेक्टरचा कंटूर मॅप (समान उंचीच्या रेषांचा नकाशा) मागितला तर "दुसऱ्या डिपार्टमेंटला विचारा", तिथे गेलो तर "साहेब मीटिंगमध्ये". 2021 मध्ये केंद्राने नकाशांवरची परवानग्यांची कटकट बऱ्यापैकी काढून टाकली, मग आता अडचण कसली?

अजून एक, पेपरात "4.8 मीटरची भरती" छापून येतं आणि लोक घाबरतात, पण भरतीचा शून्य (अगदी खालच्या ओहोटीजवळचा) आणि नकाशावरचा शून्य (समुद्राची सरासरी पातळी) वेगळे असतात हो, मुंबईत त्यात साधारण अडीच मीटरचा फरक आहे, म्हणजे ती भरती नकाशाच्या हिशोबाने 2.3 मीटर. आता माझ्या बिल्डिंगचं बेसमेंट त्याच्या वर आहे की खाली हे मला कळायला नको का?

नोडप्रमाणे (म्हणजे नेरूळ, बेलापूर अशा भागांप्रमाणे) अर्ध्या मीटरचे कंटूर, नाल्यांचे उतार आणि पॉण्डमध्ये गाळ किती साचलाय तो आकडा, एवढं प्रशासनाने पावसाळ्याआधी वेबसाइटवर टाकावं. आणि पीडीएफ नको प्लीज, डेटा द्या, आमच्याकडची कॉलेजची पोरं बाकीचं करतील.

एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई