सळई नुसती बारीक होत नाही, तिची पकड सुटते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की स्लॅब कोसळल्याच्या बातम्या सुरू होतात, दोन दिवस हळहळ होते आणि मग सोसायट्या गळक्या छताला प्लास्टर आणि रंग मारून मोकळ्या होतात. मी ठाणे-डोंबिवली भागात साइट सुपरवायझर म्हणून ३० वर्षं काम केलंय, त्यामुळे हे बघवत नाही म्हणून लिहितोय.

लोकांना वाटतं सळई गंजली म्हणजे थोडी बारीक झाली, बाकी काय. १२ एमएमची सळई गंजून ११ ची झाली तर तिचं लोखंड साधारण १६ टक्के कमी होतं, हे मोठं आहेच, पण त्याच्याही आधी जे जातं ते म्हणजे काँक्रीटची तिच्यावरची पकड आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही. काँक्रीट दाब मस्त घेतं पण ताण, म्हणजे ओढ, घेत नाही, ताण सळईने घ्यायचा असतो आणि तो सळईपर्यंत पोचतो तो फक्त या पकडीमुळे. सळईवर जे कंगोरे असतात ते शोभेला नसतात, ते काँक्रीटमध्ये रुतून बसतात म्हणून सळई सरकत नाही. लॅपच्या ठिकाणी, म्हणजे दोन सळया एकमेकींशेजारी ठेवून जोडतात तिथे, तर एका सळईचा भार दुसरीत जायला मधल्या काँक्रीटशिवाय दुसरा रस्ताच नाही. बाल्कनीची वरची सळई आत धरलेली असते त्या पकडीवरच अख्खी बाल्कनी उभी असते.

आता गंजाचं बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. सुरुवातीला तो आतून दाबतो त्यामुळे पकड उलट थोडी वाढते, सळई बांधणारे आमचे फिटर म्हणायचे "साहेब थोडा गंज चांगला असतो", ते अगदीच खोटं नव्हतं. पण दाब वाढत गेला की सळईच्या रेषेत कव्हरला, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराला, तडा जातो आणि तडा गेला की पकड झपाट्याने उतरते, कारण कंगोऱ्यांना बाहेरून आवळून धरणारं काही राहत नाही. रिंगा, म्हणजे बीम-कॉलममध्ये मुख्य सळयांभोवती बांधलेल्या आडव्या कड्या, जवळजवळ असतील तर त्या थोडं धरून ठेवतात, पण कव्हर सगळ्यात कमी रिंगांवरच असतं म्हणून आधी गंजतात त्याच, आणि स्लॅबमध्ये तर रिंगा नसतातच.

गेल्या जूनमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये एका बाथरूमच्या खालच्या छताला मी हातोडीने ठोकून पाहिलं, ठण्ण ऐवजी बद्द आवाज आला. हलकेच टोकरलं तर ताटाएवढा ढलपा निघाला. त्याच्या आतल्या बाजूला कंगोऱ्यांचे ठसे होते पण त्यात तपकिरी भुकटी भरलेली, बोटाने पुसली तर निघून आली. वर सळई नुसती लोंबत होती, हाताने हलवली तर हलली. कव्हर मोजलं तर जेमतेम १० एमएम. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात सगळ्यात सौम्य हवेला सुद्धा २० एमएम सांगितलंय आणि खाडीकाठच्या हवेला त्याहून बरंच जास्त लागतं. मी साइटवर होतो त्या काळी, सळई उचलून धरायला लागणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी खाली खडीचे तुकडे सरकवायचे, मी स्वतः पाहिलंय, आणि तेव्हा ओरडलो नाही याचं आज वाईट वाटतं.

आणि कमिटीने काय केलं, तर कॉन्ट्रॅक्टरने गंज न काढता वरून प्लास्टर थापलं. याने सळईला काडीचीही पकड मिळत नाही, फक्त तडा दिसेनासा होतो. नीट करायचं तर सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडा, चारही बाजूंनी घासून चकचकीत करा, फारच खाल्ली असेल तर पुरेसा लॅप देऊन नवी सळई जोडा आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट हा दुरुस्तीचा खास माल भरा. हवेतल्या खारेपणाने गंजलं असेल तर एवढासा तुकडा दुरुस्त करून शेजारचा भाग सोडला तर तो आणखी जोरात गंजतो, हेही लक्षात ठेवा.

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचं आहे. पण माझ्या पाहण्यात आलेल्या बऱ्याच रिपोर्टात "सळई एवढी टक्के गंजली" यावर विषय संपतो. कुठे काँक्रीट सुटलंय, लॅप कुठे आहेत, बाल्कनीच्या मुळाशी तडे आहेत का, हे नकाशावर दाखवा असं रहिवाशांनी ऑडिटरला विचारलंच पाहिजे, फी आपण भरतो. आपल्या पेपरनेही यावर एकदा सविस्तर छापावं ही विनंती.

तो ढलपा मी जपून ठेवलाय, येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे तिथे टेबलावर ठेवणार आहे.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर, डोंबिवली