मावशी, तू आमच्या ओटीवर आलीस म्हणून

प्रिय मावशी,

हे तुला समोर सांगितलं असतं तर "चल, कामाला लाग" म्हणून तू पाटी उचलली असतीस. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. तुझं नाव मात्र घालत नाही, तुला ते खपायचं नाही. वेसाव्यातल्या कुठल्याही घरी ‘मुलींच्या ग्रुपची मावशी’ म्हटलं की पुरतं.

ग्रुप आता दुसऱ्यांच्या हाती दिलास. गुडघे ऐकत नाहीत म्हणालीस. तेव्हा आभार मानायचे ते आत्ताच.

सगळ्यात आधी त्या संध्याकाळचे. मोत माऊलीच्या, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीच्या, नोव्हेनाला (नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) रात्री चालत जायचं आम्ही मुलींनी ठरवलं होतं. बाबांनी साफ नाही म्हटलं. वांद्र्यापर्यंत, तेही मध्यरात्री निघून? भाऊ सोबत येत असेल तर बघू. तू बाजारातून थेट आमच्या ओटीवर आलीस, चहा नको म्हणालीस आणि बाबांना विचारलंस, "दुसरं आनंदाचं रहस्य कुठलं?" बाबांना रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तिच्यातल्या रहस्यांसकट तोंडपाठ. म्हणाले, "मरिया एलिझाबेथला भेटायला जाते ते." त्यावर तू म्हणालीस, "गालीलातून यहुदियाच्या डोंगरात गेली ती. सोबत भाऊ धाडला होता का कोणी?"

बाबा गप्प झाले. आत आई हसली, ते बाहेर ऐकू आलं. मी नंतर बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान उघडून पाहिलं. मरिया लगबगीनं निघाली एवढंच तिथं आहे, सोबतीचा उल्लेखच नाही. पुढे २०२३ साली लिस्बनच्या जागतिक युवा दिनासाठी पोपनी लूकची नेमकी हीच ओळ निवडली, तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी तुझी आठवण काढली. रोम जरा उशिरा पोचलं, मावशी.

नुसता वाद जिंकून तू घरी गेली नाहीस. सात बंगला, जुहू, सांताक्रूझ, लिंकिंग रोड, खार, हिल रोड, अख्खी वाट तू आमच्याबरोबर तुडवलीस. रस्त्याच्या कडेला दोन-दोनच्या रांगा, पुढे टॉर्चवाली, मागे तू. रोझरी म्हणताना प्रत्येक दहा मण्यांना नवी मुलगी पुढे यायची, म्हणजे कोणाला झोप यायला नको. नमो मरिया म्हणता म्हणता खार कधी मागे पडलं कळायचं नाही. आणि हे सगळं कधी, तर मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठून धंदा नुकता रुळावर येत असताना. पहाटेचा लिलाव चुकला की दिवसाची कमाई गेली. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस, पण कोळ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हा हिशेब सांगावा लागत नाही.

टेकडीवर पोचल्यावर मेणबत्त्यांच्या दुकानांसमोर आम्ही रेंगाळायचो. मेणाचे हात, पाय, बाळं, घरं. ज्याचं जे अडलं असेल ते माऊलीपुढे ठेवायचं. एकीनं दहावीसाठी नवस बोलायचा ठरवला तेव्हा तू म्हणालीस, "नवस माऊलीला सांग, वही मला दाखव." आणि खरंच दर शनिवारी वही तपासलीस.

माऊलीची मूर्ती समुद्रात एका कोळ्याला सापडली, ही गोष्ट तू सांगायचीस ती आपल्या घरातलं काही सांगितल्यासारखी. चाच्यांनी हातातली वस्तू सोन्याची समजून मूर्तीचा उजवा हात तोडला, ही कथाही तुझ्याकडूनच ऐकलेली. पण मला जास्त आवडायची ती माहीमच्या कॉजवेची. नऊ बुधवार धरून आपण माहीमच्या चर्चमध्ये सदासहाय मातेच्या नोव्हेनाला जायचो. १९४८ पासून दर बुधवारी चालणाऱ्या त्या नोव्हेनाला तुला मराठीचीच वेळ गाठायची असायची. एकदा वांद्र्याहून बसनं जाताना कॉजवेवर तू खिडकीबाहेर बोट केलंस आणि म्हणालीस, "हा रस्ता एका बाईच्या पैशातून झाला." जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये तो खुला झाला. त्याआधी ही खाडी होडीनं ओलांडावी लागे आणि माणसं बुडत. मूल व्हावं म्हणून अवाबाईंनी माऊलीला नवस केला होता, असं लोक सांगतात. नवसाचं खरं-खोटं माऊलीला माहीत, रस्ता मात्र आहे. माउंट मेरीची आजची १९०४ ची इमारतही शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुकारानं उभी केली. शेजारच्या हिंदू मैत्रिणी जत्रेला आल्या की तू त्यांना हे आवर्जून सांगायचीस. माऊली कोणा एकाची नाही, हे भाषण न देता सांगायची ती तुझी पद्धत.

शनिवारच्या मीटिंगचा तेव्हा कंटाळा यायचा, हे आता सांगून टाकते. लीजन ऑफ मेरी ही आपली कॅथलिक संघटना डब्लिनमध्ये ७ सप्टेंबर १९२१ ला सुरू झाली, हे पाठ करून काय मिळतं असं वाटायचं. पण त्याच मीटिंगमध्ये दर आठवड्याला उभं राहून आपण केलेलं काम सांगावं लागायचं. कोणत्या आजारी बाईकडे गेले, काय बोलले, पुन्हा कधी जाणार. पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटेना. तू मदत केली नाहीस, घाईही केली नाहीस, सगळ्यांना थांबवून ठेवलंस. आज अंधेरीच्या ऑफिसात दहा पुरुषांसमोर आकडे मांडताना माझा आवाज कापत नाही.

मीटिंगमधल्या वर्गणीच्या गुप्त थैलीचाही तुझा नियम कडक. थैली फिरली की प्रत्येकीनं मूठ आत घालायची, रिकामी असली तरी. फीचे पैसे नसलेल्या आठवड्यांत माझी मूठ रिकामीच असायची. कोणाला कळलं नाही. तुला कळत असावं, कारण त्याच आठवड्यांत बोंबलाची पिशवी आमच्या दारात यायची आणि "जास्त झालेत" एवढाच निरोप असायचा.

बाबा आता धाकटीला स्वतःच म्हणतात, "जा, मावशीच्या मुली आहेत ना." त्याचेही आभार.

यंदा रात्री चालणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे. पाण्याच्या टेम्पोचं बोलणं झालंय, टॉर्च दोन नवे घेतलेत. तुझं नाव चालणाऱ्यांत नाही, टेम्पोत पुढच्या सीटवर लिहिलंय. नाही म्हणू नकोस, ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.

तुझ्या ग्रुपमधली
एक मुलगी